ते करडू नव्हतं, आत्या

आत्या, तू गेलीस तेव्हा मी आधी घाबरले. रडू नंतर आलं. नर्सनं तुझ्या हातातली सुई काढली, बाबा भिंतीला टेकून उभे राहिले, खाली रस्त्यावर कुणाची तरी वरात चालली होती म्हणून बँडचा आवाज येत होता, आणि मला वाटलं, आता हे माहीत असलेली मी एकटीच उरले. आतापर्यंत आपण दोघी होतो. तू होतीस तोवर मला फार खोटं बोलता येत नव्हतं, कारण फोनच्या दुसऱ्या टोकाला तू होतीस. आता मी गप्प राहिले तर ते कधी घडलंच नाही असं होऊन जाईल. मला अडवायला कुणी नाही. त्या खोलीत उभी राहून मला माझीच भीती वाटली.

बाबांनी पेपरात तुझा फोटो दिला. खाली तीन ओळी. तुझी नोकरी, तुझं वय आणि तुझा सोज्वळ स्वभाव. सोज्वळ! तू वाचलं असतंस तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतंस, "हे कोन गेलं गा, भाऊ?" त्या ओळींत नसलेलं मी लिहिते आहे. काही तुला माहीत आहे, काही नाही. जे तुला माहीत नाही तेच लिहायला जास्त जड जातं आहे.

छत्तीसगढ नवं राज्य झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. कालपर्यंत जे रायपूर भोपाळच्या गाड्यांची वाट बघत असायचं ते एका सकाळी राजधानी झालं आणि शहराला घाई सुटली. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरलं. तुझी बदली तिथं झाली. तुझं टेबल लागलं तो आधी बायकांचा वॉर्ड होता आणि भिंतीवर खाटांचे नंबर तसेच होते. "मी सतरा नंबरच्या खाटेवर टाइप करून राहिली," असं तू घरी येऊन सांगायचीस आणि बाबांना हसवायचीस. संध्याकाळी पिशवीतून माझ्यासाठी रद्दीतले कागद काढायचीस, एका बाजूला सरकारी मजकूर, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूंवर मी माझ्या पहिल्या गोष्टी लिहिल्या. घरात सगळे माझ्याशी मराठीत बोलायचे आणि मी हिंदीत उत्तरं द्यायची. तू म्हणालीस, "बोल कोनत्याबी भाषेत. लिही मात्र माह्या भाषेत, म्हणजे मले वाचता येईल." मी मराठीत लिहिते ते त्यामुळे. हे मी मुलाखतीत वेगळंच सांगितलं आहे.

विमानतळाकडे जाणारा रस्ता तेव्हा रुंद होत होता. दोन्ही बाजूंची झाडं गेली होती. रस्त्याची एक बाजू डांबर पडून तयार होती, पण पिंपं लावून बंद ठेवली होती. रविवारी सकाळी तू मला तुझ्या निळ्या मोपेडवर बसवून तिथं न्यायचीस आणि हँडल माझ्या हातात द्यायचीस.

"आत्या, डर लगता है."

"लागते तं लागू दे. मी तीस वर्षांची झाल्यावर शिकली, तवा मले जास्त भेव वाटत होतं."

पहिले तीन रविवार तू मागे कॅरिअर धरून धावलीस. चाळिशी ओलांडलेली बाई, पदर खोचलेला, चपला हातात, डांबरावर धावते आहे. मजूर थांबून बघायचे. रस्त्याचं काम रविवारीही चालायचं, राजधानीला सुट्टी नव्हती.

चौथ्या रविवारी मी म्हणाले, आज मी एकटी जाणार. तू उतरलीस. "त्या पिंपापर्यंत जा आणि वळ. घाई नको करू." मी गेले, वळले. वळून येताना पहिल्यांदा वाटलं, मला गाडी येते. थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं होतं, वारा तोंडावर लागत होता, तू लांब उभी राहून हात हलवत होतीस. तुला दाखवायला मी वेग वाढवला. तुला शेवटपर्यंत वाटत होतं की मी घाबरून ब्रेकऐवजी मूठ पिळली. ते नंतर झालं, आत्या. आधी मी हौसेनं वेग वाढवला होता. हे मी तुला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

डावीकडून मजूर बाया डोक्यावर गिट्टीच्या पाट्या घेऊन एकामागे एक रस्ता ओलांडत होत्या. मला वाटलं, शेवटची गेली. शेवटची गेली नव्हती.

आवाज फार मोठा झाला नाही. गिट्टी डांबरावर पसरली त्याचाच आवाज जास्त झाला. मी उठले तेव्हा माझं कोपर सोललेलं होतं. समोर लाल लुगडं दिसलं आणि त्याखाली एक पाय, जिकडे वळायला नको तिकडे वळलेला. तोंड मी पाहिलं नाही. मी पळाले.

कडेला नाल्यासाठी सिमेंटचे मोठे पाइप आणून टाकले होते. मी त्यातल्या एकात शिरले आणि गुडघे पोटाशी घेऊन बसले. आत बाहेरचा प्रत्येक आवाज मोठा होऊन यायचा. एक बाई सारखी विचारत होती, "मर गे का ओ? मर गे का?" कुणी उत्तर देत नव्हतं. मला पोलिसांची भीती वाटत होती, बाबांची वाटत होती, शाळेतून काढून टाकतील याची वाटत होती. सगळ्यात जास्त वाटत होती ती कुणीतरी त्या बाईला उत्तर देईल याची.

मग तुझा आवाज आला. "गाड़ी मैं चला रही थी. मेरी गलती है. पहले इसको उठाओ." कुणीतरी "लड़की थी" म्हणालं, पण तू तेच तीनदा म्हणालीस. तिसऱ्या वेळी तुझा आवाज चिरकला. ट्रॅक्टर सुरू झाला, लांब गेला. मग फक्त माझा श्वास ऐकू येत होता आणि तोही मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

तू परत आलीस तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एकेक पाइप वाकून बघत आलीस. तुझ्या पातळावर रक्ताचे डाग होते.

"मेली?"

"नाही. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करतीन."

"पोलीस?"

"येऊन गेले. मी चालवून राहिली होती, तू मागं बसली होती. आलं ध्यानात?"

मी मान हलवली.

"मीनू, उद्या माह्यासंग दवाखान्यात चाल. बोलू नको काही. फक्त पाहून ये तिले."

मी पुन्हा मान हलवली. दुसऱ्या दिवशी मला ताप आला. खरा होता. पण तो उतरल्यावरही मी दोन दिवस तो अंगात असल्यासारखी पडून राहिले. त्यानंतर तू विचारायचीस आणि माझी कधी परीक्षा असायची, कधी पोटात दुखायचं. महिन्याभरानं तू विचारणं सोडलंस.

त्याच आठवड्यातलं एक जेवण मला अजून जात नाही. रेल्वे कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर, बाबा पाटावर, मी समोर, तू वाढते आहेस. बाबा ओरडत होते. "तुले धड चालवता येत नाही तर पोट्टीले मागं बसवून काहून नेतेस? तिले काही झालं असतं म्हणजे? त्या बाईचं जे केलं ते केलंच." तू माझ्या पानात वरण वाढलंस. हात हलला नाही. मी भात कालवला आणि जेवले. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू तेव्हा एकदा माझ्याकडे पाहिलं असतंस तर मी बोलले असते. नसते बोलले. तुला ते कळलं होतं, म्हणून तू पाहिलं नाहीस.

केस उभी राहिली. तू अर्धी रजा टाकून तारखांना जायचीस. मंत्रालयात तुला 'एक्सीडेंट वाली दीदी' म्हणायला लागले. शेवटी त्या बाईनं कोर्टात सांगितलं की आपणच अचानक मध्ये आलो, आणि तू सुटलीस. मोपेड तू पुन्हा चालवली नाहीस. मी गाडी शिकले ती नागपूरला, नोकरी लागल्यावर, पैसे भरून, अनोळखी माणसाकडून. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "पहले कभी चलाया है?" मी नाही म्हणाले.

त्या बाईचं नाव सुकवारो आहे हे मला तुझ्याकडून कळलं. सिलतऱ्याला राहते, नवरा तिथल्या कारखान्यात जातो, तिला एक मुलगी आहे, हेही तुझ्याकडूनच. ती वर्षातून चार-पाच वेळा पुरानी बस्तीत, तू नंतर वेगळी राहायला गेलीस त्या खोलीवर यायची, तीजेच्या सणाला ठेठरी-खुरमीचा फराळ आणायची, तू तिला पुरणपोळ्या बांधून द्यायचीस. मी रायपूरला आले आणि त्या दिवशी ती येणार असली की मी सकाळीच बाहेर पडायची. एकदा गल्लीच्या तोंडाशी एक लंगडत चालणारी बाई पाठमोरी दिसली. मी किराणा दुकानात शिरले आणि अर्धा तास साबण बघत उभी राहिले. ती दुसरीच कुणी असेलही.

चोविसाव्या वर्षी मी ती कथा लिहिली. तिच्यात तेरा वर्षांची मुलगी आहे, अर्धवट रस्ता आहे, मोपेड आहे, आणि लाल लुगड्याच्या जागी एक पांढरं करडू आहे. ते मरतं. मुलगी त्याला उचलून घेते, सिमेंटच्या पाइपात त्याला मांडीवर घेऊन बसते, आणि बाहेर येते तेव्हा तिला स्वतःचा आवाज बदललेला वाटतो. दिवाळी अंकात कथा आली, पत्रं आली. एका जाणकारांनी लिहिलं की करडू म्हणजे निरागसता, पाइप म्हणजे गर्भाशय, अर्धवट रस्ता म्हणजे वयात येणं, आणि नव्या राज्याचंही तेच वय चाललं आहे. वाचून मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की हे सगळं मी लिहिताना ठरवलं होतं असं मलाही वाटू लागलं. पुढे ती कथा कॉलेजच्या पुस्तकात गेली. मुलींचे फोन येतात. "मॅडम, करडू पांढरंच का?" मी समजावून सांगते. छान सांगते.

आणि तुझा फोन आला होता.

"मीनू, चांगलं लिहिलंस."

"आवडली?"

"हव. आता एक सांग. माणसाचं करडू काहून केलं?"

"आत्या, ते प्रतीक आहे."

"कायचं?"

"लहानपणाचं. ते मरतं, म्हणून ती मुलगी मोठी होते."

"सुकवारो तं नाही मेली. तिच्या पायात सळई आहे. थंडीत दुखते तिले."

"कथेत सगळं जसंच्या तसं नसतं गं."

"नसू दे. पण तुह्या गोष्टीतल्या पोरीनं ते पिल्लू उचलून घेतलं. तू तं पळाली होती."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

मग ते भांडण आपल्याकडे राहायलाच आलं. दरवर्षी कधीतरी निघायचं, पोळ्या लाटताना, बसस्टँडवर, एकदा तर कुणाच्या तरी साखरपुड्यात. तुझं म्हणणं साधं होतं. जिला लागलं तिला आधी भेटून ये. मग तिची बकरी कर नाहीतर हत्ती कर, मी काही बोलणार नाही. मी म्हणायची, तुला साहित्य कळत नाही. हे मी तुला म्हणाले, आत्या. मग प्रतीक म्हणजे काय, लेखक ते का वापरतो, वाढत्या वयाची भीती थेट सांगता येत नाही म्हणून तिला दुसरं शरीर कसं द्यावं लागतं, हे मी तुला समजावायची, वर्गात समजावते तसं. तू ऐकून घ्यायचीस. एकदा शेवटी म्हणालीस, "भीती तुही होती ना? मग शरीर तिचं काहून घेतलं?" त्याचं उत्तर मी अजून शोधते आहे. शोधते आहे असंही नाही. मला ते आवडत नाही.

तू आजारी पडलीस, मी रजा घेऊन आले. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "सुकवारोले कळव. डायरीत 'स'मध्ये नंबर आहे." मी हो म्हणाले. डायरी उघडली, नंबर सापडला. दोनदा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. एकदा नंबर लावलाही आणि रिंग जाण्याआधी कापला. ती येईल, तुझ्या उशाशी बसेल, मी तिथंच असेन, आणि तू डोळ्यांनी माझ्याकडे बघशील, एवढंच मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "केला?"

"लागत नाही गं."

तू हळूच कूस बदलून भिंतीकडे तोंड केलंस. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं धड वाक्य ते आहे. त्यानंतर तुला फारसं बोलता आलं नाही.

तेरवी तुझ्याच खोलीवर केली. नातेवाईक जेवून गेले, बाबा आत आडवे झाले, मी ओसरीत पत्रावळी गोळा करत होते. दारात एक बाई उभी होती. हातात पिशवी. एक खांदा जरासा खाली. मला सांगावं लागलं नाही. पळायचं दार तिनंच अडवलं होतं. तेरा वर्षांची असताना निदान पळता येत होतं.

"तैं मीनू अस ना?" ती म्हणाली. "दीदी बीमार रिहिस त मोला काबर नइ बताएव?"

देवळाजवळच्या फुलवालीकडून तिला दोन दिवसांपूर्वी कळलं होतं. मला का कळवलं नाही, एवढंच ती विचारत होती. रागानं नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून. मी नंबर सापडला नाही असं म्हणणार होते. वाक्य जिभेवर होतं. मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि पेला परत घेताना मला रडू आलं. तिला वाटलं मी तुझ्यासाठी रडते आहे. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात पाठीवर असताना मला गप्प बसवेना.

"सुकवारो दीदी, उस दिन गाड़ी आत्या नहीं चला रही थी. मैं चला रही थी."

तिनं हात काढला नाही लगेच. "तैं?"

"हाँ. मैं पाइप में छुप गई थी. आपका नंबर भी था मेरे पास. मैंने जानबूझकर फोन नहीं किया."

मग हात काढला. ती अंगणाकडे बघत राहिली. गल्लीतून एक भाजीवाला ओरडत गेला. मला वाटलं, आता ती उठेल, आत जाईल, बाबांना हलवून जागं करेल.

"मैं त दीदी बर कोरट मा झूठ बोलेंव," ती म्हणाली. तुला वाचवायला ती कोर्टात खोटं बोलली होती. दीदीची चूक नाही, मीच मध्ये आले, असं. "तोर बर नइ बोलेंव." माझ्यासाठी नव्हे.

"हाँ."

"कतका बड़े रहे तैं?"

"तेरह साल."

तिनं मनात हिशेब केला. "मैं सोला के रहेंव."

मी तिच्याकडे पाहिलं. आत्या, मी पहिल्यांदाच तिचं तोंड पाहत होते. चाळिशीचं तोंड, कपाळावर गोंदण, आणि त्यातून मला सोळा वर्षांची मुलगी काढता येईना. इतकी वर्षं माझ्या डोक्यात ती बाई होती. मजूर बाई. भीती वाटायची तीसुद्धा एका मोठ्या बाईची. मी नववीत होते आणि ती माझ्या शाळेतल्या अकरावीच्या पोरींएवढी होती.

ती सांगत गेली, माझ्याकडे न बघता, अर्धं छत्तीसगढीत, अर्धं हिंदीत. अभनपूरच्या पुढचं गाव. वहिनीबरोबर कामाला आली होती, तिसराच दिवस. पाटी डोक्यावर नीट ठरत नव्हती म्हणून ती सगळ्यांच्या मागे राहिली होती. पडल्यावर पाय दुखला नाही आधी. आधी तिनं पसरलेली गिट्टी पाहिली आणि मुकादम ओरडेल म्हणून ती बसल्या जागी हातानं गोळा करायला लागली. मग उठायला गेली आणि उठता येईना, तेव्हा कळलं. दवाखान्यात तिनं तुझा पदर धरून ठेवला होता. ठरलेलं लग्न मोडलं. मग चार वर्षांनी दुसरीकडे झालं.

मी पाइपात बसून ती मेली का याची वाट बघत होते तेव्हा तीस पावलांवर एक मुलगी गिट्टी गोळा करत होती.

"मोला काबर बतावत हस अब?" तिनं विचारलं. आता का सांगते आहेस?

ती उठली. जेवली नाही. "इतवार के मोर घर आबे," म्हणाली, "इहाँ नइ गोठियावन." माझ्या घरी ये, इथं नको बोलायला. दारातून तुझ्या फोटोला हात जोडले आणि गेली. पायऱ्या उतरताना आधी धड पाय, मग दुसरा.

तुला तिचं वय माहीत होतं. तू तिच्या उशाशी बसली होतीस. तू मला का सांगितलं नाहीस, म्हणून मी चार दिवस तुझ्यावर चिडले, तुझ्या रिकाम्या खाटेशी भांडले. मग आठवलं की मी कधी विचारलंच नव्हतं. करडाचा रंग काय असावा यावर मी आठवडाभर विचार केला होता. तिच्याबद्दल तुला एक प्रश्न केला नाही.

काल रविवार होता. बाबांना मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं, हेही खोटंच. सिलतऱ्याच्या शेअर ऑटोत बसले आणि दोनदा उतरावंसं वाटलं. तिकडे झाडांच्या पानांवर, पत्र्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्यांची काळी पूड बसलेली असते. वाटेत मी तिच्या तोंडी सगळी वाक्यं घालून पाहिली. पोलिसात चल म्हणेल. निघून जा म्हणेल. शेजाऱ्यांना बोलावेल. सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती माफ केलं म्हणेल याची, कारण मग मला परत जाऊन पूर्वीसारखंच राहता आलं असतं.

तिचं घर दोन खोल्यांचं आहे. नवरा ड्युटीवर होता. तिनं मला खाटेवर बसवलं, चहा दिला, स्वतः खाली बसली, दुखरा पाय लांब करून. माफीबद्दल एक शब्द बोलली नाही. तुझ्याबद्दल बोलली. तू पहिल्यांदा दवाखान्यात तिला संत्री सोलून दिलीस आणि साल सोलता सोलता स्वतःच रडायला लागलीस, तेव्हा तिनं तुला गप्प केलं होतं म्हणे. मला हेही माहीत नव्हतं.

मग तिची मुलगी आली, बारावीला आहे, सायकल ओसरीत लावून वेणी मागे टाकत आत आली. मला बघून थांबली. "कोन ए, दाई?" तिनं आईला विचारलं.

मला वाटलं सुकवारो म्हणेल, दीदीची भाची. ती म्हणाली, "बइठ." पोरगी बसली. सुकवारो माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. एवढंच दिसत होतं की ती आता माझी सुटका करणार नाही.

"तैं बता एला," ती म्हणाली. "का होए रिहिस."

तूच सांग हिला, काय झालं होतं ते.

आत्या, मी सभांमधून बोलते, पाचशे पोरींसमोर त्या कथेवर तासभर बोलले आहे. काल एका पोरीसमोर मला सुरुवात सापडेना. दार उघडं होतं, माझ्या चपला दारातच होत्या. ती पोरगी सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती, सोळा-सतरा वर्षांची, तिचे दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकलेले. मी चहाचा पेला खाली ठेवला.

"तब मैं तेरह साल की थी," मी म्हणाले, "और तेरी माँ सोलह की."